हुलासबाईंची हजेरी

माझ्या नवऱ्याला, पारसला, शुद्ध मराठीची भारी हौस. त्या हौसेपायी माझ्या सासूबाईंनी पोटच्या मुलीला नकार दिला. मग मला राग येणार नाही तर काय?

नंदुरबारात आमचं मिरचीचं दुकान आहे. वेबसाइटवर कोणी ऑर्डर टाकली की गल्ल्याजवळच्या टॅबवर 'टुंग' वाजतं आणि निरोप येतो. त्यासाठी पारसनं दुकानाचा स्वतःचा चॅट सर्व्हर ठेवलाय. दुसऱ्या कोणाचा असाच सर्व्हर असला तर त्याच्याशीही बोलता येतं, जसं आपल्या पोस्टातलं पत्र नाशिकच्या पोस्टात जातं.

नाशिकला माझी नणंद आयुषी राहते. सारंगखेड्याच्या भूपेंद्रशी तिनं जातीबाहेर, घरी न विचारता लग्न केलं. तेव्हापासून सासूबाई, म्हणजे हुलासबाई, तिचा फोन घेत नाहीत. मीच तिला सुचवलं, "तुझ्या ऑफिसच्या सर्व्हरवरून मम्मीजींना जोडून घे, टॅब दिवसभर त्यांच्याच हातात असतो." ती म्हणाली, "भाभी, एकदाच विचारीन. नाही म्हणाली तर पुन्हा कधीच नाही."

या चॅटमध्ये समोरचा माणूस ऑनलाइन आहे का, हे बघायलाही त्याची परवानगी लागते. दिली की नावापुढे हिरवा ठिपका दिसतो. आयुषीची विनंती आली तेव्हा टॅबवर पारसनं घातलेलं वाक्य दिसलं, 'सदर व्यक्ती आपली हजेरी पाहू इच्छिते.' वर आयुषीचा पत्ता, तोही सासूबाईंना न वाचता येणाऱ्या इंग्रजी अक्षरांत.

रागावल्या की सासूबाई बाजारातल्या अहिराणीत बोलतात. "मन्ही हजेरी? मी काय शायमा शे का?" म्हणजे, मी काय शाळेत आहे का, असं म्हणाल्या आणि 'नाकारा' दाबून मोकळ्या झाल्या.

ओरडा ऐकून मी गोदामातून आले आणि स्क्रीन बघितली. लगेच आयुषीला फोन लावला. "भाभी, सारवासारव नको," एवढंच बोलून तिनं ठेवून दिला.

पारसला मी फाडफाड बोलले. "'ऑनलाइन' म्हटलं असतं तर जीभ झडली असती का तुमची?" मग सासूबाईंना सांगितलं की ती कोण होती. त्या मिरची जोखता जोखता थांबल्या.

"परत विचारेल ती."

"नाही विचारणार. आता तुम्हीच विचारायचं."

"पळून ती गेली, आणि विचारू मी?"

"हो! नाहीतर बसा ऑर्डरींशी गप्पा मारत." बोलले आणि जीभ चावली. सासूला असं कोण बोलतं!

दुपारी माझा चहा तसाच परत आला. ऊन उतरल्यावर हाक आली, "एकता, कुठं दाबायचं ते?"

दाखवलं. त्यांनी दाबलं, पदरानं काच पुसली आणि बसून राहिल्या. गिऱ्हाईक आलं, त्याला "थांब रे दादा" म्हणाल्या. बऱ्याच वेळानं टुंग वाजलं. आयुषीनं परवानगी दिली होती आणि तिची विनंतीही पुन्हा पाठवली होती. सासूबाईंनी मला ते दोनदा वाचायला लावलं, मग 'स्वीकारा' दाबलं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

त्यांना टाइप करता येत नाही. मी विचारलं, "काही लिहून देऊ?"

"राहू दे." त्यांनी आयुषीच्या नावापुढच्या हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "ती आहे तिथं."

रात्री दुकान बंद करताना पारसनं रोजच्यासारखा टॅब बंद करायला हात घातला. सासूबाईंनी त्याच्या हातावर चापट मारली.

"बंद करू नको. तिला वाटेल, आई उठून गेली."