मुलींची सरासरी

मोनाली रामटेकेनं दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि एका ओळीखाली पट्टी आडवी लावली. कूलरच्या वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून एका कोपऱ्यावर तिनं आपला मोबाइल ठेवला, दुसऱ्यावर बोट.

"सर, मुलांचं जमून राहिलं. तुमची सरासरी एकोणचाळीस, माझी चाळीस. मुलींची पाहा. तुमची एक्कावन्न, माझी अडतीस. तेरा गुणांचा फरक आहे. मी तीनदा चेक केलं."

डॉ. नरहर देवपुजारी यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कागदावरचे आकडे काही बदलले नाहीत.

रायपूरच्या विद्यापीठात शारीरिक शिक्षण विभागात नरहरराव तीस वर्षं क्रीडा मानसशास्त्र शिकवत होते. महिनाअखेर निवृत्ती. त्यांच्या नावावर एक मोठी गोष्ट होती: स्पर्धा-चिंता मापनी. वीस प्रश्नांचा हिंदी फॉर्म, खेळाडूनं स्पर्धेआधी भरायचा. जितके गुण जास्त तितकी भीती जास्त. राज्यातला जवळपास प्रत्येक प्रशिक्षक तो फॉर्म आणि त्यावरचं नरहररावांचं पुस्तक वापरायचा. मोनाली त्यांची शेवटची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. इतक्या वर्षांनी ही मापनी अजून लागू पडते का, हे दोनशे नव्या खेळाडूंवर तपासायचं, हा तिचा विषय. विषय सुचला तेव्हा नरहररावांनीच मान डोलावली होती. एकच गोष्ट वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत राहिलं, की लिहिणाऱ्यालाही ती खरी वाटू लागते.

"माझंच काही चुकून राहिलं असन ना, सर?"

प्रश्न सरळ होता. हो किंवा नाही, एवढंच उत्तर लागत होतं.

"परत तपासून बघ," नरहरराव म्हणाले.

तिनं कागद गोळा केले. दारापाशी जाऊन ती थांबली.

"सर, मी स्वतः पाच वर्षं तीरंदाजी केली. मले कधी अशी भीती नाही वाटली. पण तुमचं पुस्तक वाचून मी समजली, की मीच वेगळी असन."

ती गेली. नरहरराव बराच वेळ पट्टीकडे पाहत बसले. मोनाली ती इथंच विसरून गेली होती.

चूक तिची नव्हती. चूक कुठं होती, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं आणि तो माणूस ह्या खुर्चीत बसला होता.

सत्तावीस वर्षांपूर्वी त्यांच्या स्वतःच्या प्रबंधाची मुदत संपत आली होती. मुलांचे फॉर्म जमले होते. मुलींचे जगदलपूरच्या स्पर्धेत भरून घ्यायचं ठरलं होतं आणि ऐन वेळी स्पर्धाच रद्द झाली. मार्गदर्शकांनी हात वर केले. मग नरहररावांनी गोल बाजारातून सात निरनिराळी पेनं आणली आणि चौबे कॉलनीतल्या घरी जेवणाच्या टेबलावर बसून तीन दुपारी मुलींचे फॉर्म स्वतःच भरले. बायको इंदू चहा ठेवून जायची. तिला वाटायचं, हे परीक्षेचे पेपर तपासताहेत. माणूस मानसशास्त्राचा, त्यामुळे खोटंही अगदी शास्त्रशुद्ध केलं. अक्षर बदललं, कागद गादीखाली ठेवून चुरगाळले. आणि मुलगी मैदानात उतरताना काय वाटत असेल, हे जसं त्यांनी मनाशी धरलं होतं तसं लिहिलं. मुलगी म्हणजे घाबरणारच. पोटात गोळा येणारच, रात्री झोप लागणार नाहीच. सरासरी एक्कावन्न आली. परीक्षकांनी निष्कर्ष विशेष महत्त्वाचा म्हणून शेरा मारला.

त्या शेऱ्याची आज त्यांना मनापासून लाज वाटली. पण लाज वाटणं वेगळं आणि तोंड उघडणं वेगळं. सांगितलं तर पदवी जाणार, कदाचित पेन्शनही अडकणार, आणि तीस वर्षांत वर्गातून गेलेली पोरं नाव काढून हसणार. नाही सांगितलं तर फक्त एका मुलीला वाटत राहणार, की तिचं गणित कच्चं आहे.

मंगळवारी ती पुन्हा आली. रात्रभर जागल्याचं चेहऱ्यावर दिसत होतं.

"सर, तेच येऊन राहिलं. अडतीसच. मी एकेक फॉर्म हातानं मोजला." ती उभीच होती. "मग मी असंच लिहू का? की जुने निष्कर्ष मुलींना लागू पडत नाहीत म्हणून?"

कूलर घरघरत होता. बाहेर मैदानावर कुणीतरी शिट्टी वाजवत होतं.

"मापनी सत्तावीस वर्षं चालून राहिली," नरहरराव म्हणाले. आपला आवाज त्यांना परका वाटला. "इतके लोक वापरून राहिले. ते सगळे चुकले, असं म्हणायचं आहे का तुले?"

"नाही सर."

"शुक्रवारी तुझी मुदत संपते. अशी तफावत पाहिली तर परीक्षक प्रबंध वापस पाठवतील. मग नोंदणी रद्द. सहा वर्षं गेलीच समज."

"हव सर." तिनं मान खाली घातली. "बाबांनी सगळ्या पाऱ्यात, घरोघरी सांगून ठेवलं आहे, पोट्टी डॉक्टर होऊन राहिली म्हणून. कुणी तब्येत दाखवायला आले तर काय करायचं, असं मी हसून म्हणते त्यांना."

ती आताही हसायचा प्रयत्न करत होती. तिचे वडील हिरालाल रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले होते. दोनदा विभागात येऊन, दोन्ही हात जोडून नरहररावांना भेटून गेले होते. ते हात नरहररावांना आठवले आणि तोंडाशी आलेला शब्द पुन्हा आत गेला.

"बघ काय होते ते," एवढंच ते म्हणाले. त्याचा अर्थ काय घ्यायचा, ते त्यांनी तिच्यावर सोडलं.

बुधवारी जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या प्रशिक्षकांचा वर्ग होता. नेहमीचं व्याख्यान, हिंदीतून. मुलींचा तक्ता पडद्यावर आला तसा नरहररावांनी तो न समजावताच पुढं ढकलला. चहाच्या सुट्टीत राजनांदगावचा बंडू नागदेवे कप घेऊन त्यांच्याजवळ आला. तो तीरंदाजी शिकवायचा आणि सरांशी आवर्जून मराठीत बोलायचा.

"सर, तुमच्या पुस्तकाचा लय उपयोग होते. आमच्याकडं मिश्र संघात एक पोट्टी आहे, हात जरासाही हालत नाही तिचा. वाटते, शेवटचा बाण तिलेच द्यावा. पण तुम्ही लिहिलं आहे ना, मुलींवर ताण जास्त येते म्हणून. मग मी पोट्ट्यालेच देतो. कशाला रिस्क घ्या?"

"जिंकता का मग?"

"कधी जिंकतो, कधी नाही." बंडूनं चहा संपवला. "ती विचारते कधी कधी, मले काहून नाही देत. मी सांगतो, बेटा, हे शास्त्र आहे."

नरहररावांनी हातातला कप खाली ठेवला. दुसऱ्या कामाचं निमित्त करून ते आपल्या खोलीत गेले. पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांपुढं कागदावरची नव्हे, तर खरी मुलगी आली. नाव नाही, चेहरा नाही, नुसता न हलणारा हात. अशा किती असतील, हा हिशेब त्यांना करवेना. तिथंच त्यांनी ठरवलं. उद्या मोनालीला बोलवायचं आणि सगळं सांगायचं. मग कुलसचिवांकडे पत्र. इंदूला संध्याकाळी.

गुरुवारी ते नऊलाच खोलीत हजर होते. स्पर्धेआधी श्वास कसा लांबवायचा, हे त्यांनी हजारो खेळाडूंना शिकवलं होतं. चार आकड्यांत श्वास घ्यायचा, सहा आकड्यांत सोडायचा. त्यांनी तो करून पाहिला. काही उपयोग झाला नाही. पहिलं वाक्य कोणतं बोलायचं, हेच ठरत नव्हतं. शेवटी त्यांनी मोबाइल उचलला, तेवढ्यात दार वाजलं.

मोनाली आत आली. हातात बांधलेला प्रबंध आणि फॉर्मचा गठ्ठा. डोळे लाल, पण ओठांवर हसू.

"सर, जमलं."

"काय जमलं?"

"तुमचंच बरोबर होतं. कोरबा आणि जशपूरच्या मुलींनी नीट वाचलंच नव्हतं. तिथल्या मॅडमना फोन केला, पुन्हा भरून घेतले, त्यांनी बसनं पाठवले." ती भराभरा बोलत होती, पाठ केल्यासारखी. "आता मुलींची सरासरी पन्नास येते. तुमच्याशी जुळते. फक्त सही पाहिजे, सर. बाइंडिंग पण करून आणलं."

तिनं प्रमाणपत्राचं पान उघडून समोर धरलं. पेन काढून त्यावर ठेवलं.

नरहररावांनी पान बाजूला सारलं आणि गठ्ठा ओढून घेतला.

पहिला फॉर्म, दुसरा, तिसरा. अक्षरं वेगळी, पेनं वेगळी. कडा दुमडलेल्या. ते सावकाश पानं उलटत गेले. खरे फॉर्म त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. कुणी चौदावा प्रश्न सोडून देतं, कुणी दोन खुणा करतं, कुणाच्या कागदाला पोह्याचं तेल लागलेलं असतं. आणि बाराव्या प्रश्नानंतर पोरं कंटाळतात, मग सरळ एकाच रांगेत खुणा करत खाली येतात. ह्या फॉर्ममध्ये कुणीच कंटाळलं नव्हतं. वीसच्या वीस प्रश्न सारख्याच काळजीनं सोडवलेले होते.

त्यांनी गठ्ठा बंद केला. मोनालीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर शाईचा निळा डाग होता आणि ते बोट ती अंगठ्यानं झाकत होती.

"किती?" त्यांनी विचारलं.

"काय किती, सर?"

"ह्यातले किती तू भरले?"

कूलरमधलं पाणी संपलं असावं. नुसता गरम वारा येत होता. तिच्या गालावरून पाणी ओघळलं, ते तिनं पुसलं नाही.

"बहात्तर."

"खरे कुठं आहेत? फाडले?"

"घरी आहेत. फाडायची हिंमत नाही झाली." तिचा आवाज फुटला. "मले माफ करा सर. मी असं कधी नाही केलं. मले दुसरा काही रस्ताच नव्हता दिसून राहिला. तुम्ही म्हणाल तर मी नोंदणी सोडून देते, पण बाबांना नका सांगू."

नरहररावांनी पेनाचं टोपण लावलं. उठून दार लोटलं आणि परत येऊन टेबलाच्या अलीकडे, तिच्या बाजूला उभे राहिले. तीस वर्षांत विद्यार्थ्याच्या बाजूनं ते टेबल त्यांनी पाहिलं नव्हतं.

मोनालीनं ओढणीनं तोंड पुसलं आणि मान वर केली. आता तिच्या डोळ्यांत भीतीपेक्षा नवल जास्त होतं.

"पण सर, मी इतकं सांभाळून केलं होतं. तुम्ही ओळखलं कसं?"

नरहररावांनी भिंतीजवळची खुर्ची ओढून तिला दिली. ती बसेपर्यंत थांबले.

"माझे अठ्ठावन्न होते," ते म्हणाले.