वरातीपुढचं टोपलं

साखरखेर्ड्याचा इंद्रभान आयुष्यात एक शब्द खोटं बोलला नाही, हे मी छातीठोक सांगतो. तरी त्याच्या नावावर गावात जेवढं खोटं जमा झालं, तेवढं पुढाऱ्यांच्या नावावरही नसेल. अहो, खोटं बोलायला दर वेळी स्वतःचंच तोंड लागतं असं थोडंच आहे? बाप असतो, शेजारी असतात, आणि सगळ्यांच्या वर फोटो असतो.

झालं ते असं. इंद्रभान फौजेच्या डेपोत मोतद्दार होता. घोड्यांना खरारा करायचा, दाणापाणी बघायचं. तिथं घोडे बघायला आलेल्या एका जर्मन पाहुण्यानं त्याला हेरलं. एक बिथरलेलं घोडं या गड्यानं नुसतं मानेवर हात ठेवून थंड केलं होतं. पाहुण्यानं विचारलं, येतोस का? महाराष्ट्र होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. आपली राजधानी नागपूरची मुंबईला गेली, हेच अजून गावाच्या पचनी पडलं नव्हतं. आणि हा पठ्ठ्या बोटीत बसून थेट जर्मनीला गेला.

हॅनोव्हर शहराजवळ त्या पाहुण्याच्या ओळखीतल्या, केसलरबाई म्हणून एका म्हातारीचा तबेला होता. तिथं घोड्यांना नाच शिकवत. पण नाच म्हणजे आपल्या वरातीतला नव्हे. हलगी नाही, शिट्टी नाही, नोटा ओवाळणं नाही. काळा कोट आणि उंच काळी टोपी घातलेली माणसं घोड्यावर ताठ बसत, मांडी जराशी आवळत, आणि घोडं तिरपं चाले, जागच्या जागी पाय उचले. कोणी हूं की चूं करत नसे. पहिले आठ दिवस इंद्रभानला वाटलं, यांच्या घरात कोणी वारलंय.

त्याचं काम? पहाटे पाचला उठून चौदा घोड्यांची लीद काढायची. घोडं दारात आडवं उभं असलं की त्याच्या छातीला दोन बोटं लावायची, ते मागं सरकायचं, मग फावडं चालवायचं. यात मात्र इंद्रभानचा हात कोणी धरू शकत नव्हतं. केसलरबाई म्हणायची, असं हळू घोडं मागं घेणारा माणूस मी बघितला नाही. दोन वर्षांत तो एकदाही घोड्यावर बसला नाही. त्याला त्या कामाची लाज नव्हती. लाज वाटायला त्याला गावी यावं लागलं.

रविवारी सुटी असे. मग स्वारी भाकरीऐवजी पाव बांधून आगगाडीनं निघे. कोलोनचं आभाळाला टेकलेलं देऊळ त्यानं बघितलं, वरपर्यंत पायऱ्या चढून पोटऱ्या धरून बसला. राइन नदीत बोटीतून फिरला, काठावरचे राजवाडे बघितले. हॅम्बुर्गला रांगेत उभा राहून, तिकीट काढून हत्ती बघितला, आणि हत्तीपुढं त्याला रडू फुटलं. सगळ्या जर्मनीत ओळखीचं तोंड तेवढं एकच.

प्रत्येक ठिकाणाहून तो घरी एक चित्राचं कार्ड टाकी. मागं नेहमीचाच मजकूर: मी मजेत आहे, थंडी फार आहे, घोडे चांगले आहेत. त्याचा बाप मोतीराम ती कार्डं बंडीच्या खिशात घालून गावभर हिंडे. राजवाड्याचं कार्ड आलं, तो इंद्रभानचा तबेला झाला. देवळाचं आलं, ते इंद्रभानचं हापिस झालं. हत्तीचं आलं तेव्हा मोतीराम जरा अडखळला, पण शेजारची झुंबरबाईच म्हणाली की एवढ्या मोठ्या साहेबाला फिरायला हत्ती लागणारच. झालं, तिढा सुटला.

मग आला तो फोटो. केसलरबाईच्या वाढदिवसाला तिनं थट्टेनं आपली टोपी इंद्रभानच्या डोक्यावर ठेवली, अंगात कोट चढवला, हातात लगाम दिला आणि खटका दाबला. तो फोटो मोतीरामनं मलकापूरला उत्तमराव जिनिंगवाल्याकडं नेला. उत्तमरावानं आपल्या पोरासाठी आलेली तीन स्थळं नाक मुरडून परत लावली होती. फोटो बघून गडी जागेवर उठून उभा राहिला. इंद्रभानची धाकटी बहीण रुख्मिणी त्याच बैठकीत मलकापूरची झाली. पोरगी कशी आहे ते नंतर बघून घेऊ म्हणाले.

इंद्रभान लग्नाच्या महिनाभर आधी घरी आला, आणि सगळं ऐकून मटकन ओट्यावर बसला. उद्याच मलकापूरला जातो आणि खरं सांगतो, म्हणाला. मोतीरामनं त्याचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. अक्षता पडेपर्यंत तोंड उघडू नको, मोडलेल्या सोयरिकीच्या पोरीला कोण विचारते, म्हणून विनवलं. बापाचं तोंड बघून इंद्रभान गप्प झाला. रात्रीच्या जेवणाला रुख्मिणीनं त्याच्या ताटात भाकर वाढली आणि हळूच म्हणाली, "दादा, तुहे हात पाह्यले मी. साहेबाचे हात असे नसतेत." इंद्रभाननं हात ताटाआड घेतले. ती अजून एक भाकर वाढून निघून गेली.

इथवर निभावलं असतं. पण उत्तमरावाचा निरोप आला की नवरदेवाची घोडी विलायती पद्धतीनं नाचली पाहिजे, आम्ही जिल्ह्यातले बडे बडे लोक बोलावले आहेत. घोडी होती जानरावची, नाव चांदणी. दहा वर्षं हलगीवर नाचून पंचक्रोशीतली निम्मी लग्नं तिनं लावली होती. इंद्रभाननं पंधरा दिवस खटपट केली. नाच त्यानं बघितला होता, पण बघून स्वयंपाक येत असता तर सगळे नवरे आचारी झाले असते. तिरपं चालणं जमलं नाही, पाय उचलणं जमलं नाही. चांदणी शिकली ती एकच गोष्ट, कारण इंद्रभानला खरी येत होती तीच एक: छातीला हात लागला की मागं सरकायचं. रोज सकाळी तो तिला मागं घेई, लीद टोपल्यात भरी, टोपलं डोक्यावर घेऊन उकिरड्याकडं निघे, आणि चांदणी मुकाट त्याच्या मागं येई. तिकडंच बाभळीला तिचा हरभऱ्याचा तोबरा टांगलेला असे.

लग्न गोरज मुहूर्ताचं. मारुतीच्या पारापासून वरात निघाली. चांदणीवर नवरदेव अर्जुन, पुढं बँड, बाजूला जर्मनीचा जुना कोट घालून घामाघूम झालेला इंद्रभान. मंडप वीस पावलांवर आला तसा उत्तमराव पुढं झाला आणि मलकापूरहून मुद्दाम आणलेला जरीचा हार त्यानं घोडीच्या गळ्यात घातला. हाराला खाली नारळाएवढा गोंडा. गोंडा छातीवर टपकन आपटला.

चांदणी एक पाऊल मागं गेली. गोंडा पुन्हा आपटला. ती आणखी एक पाऊल मागं गेली.

"पाह्यली का विलायती चाल!" उत्तमराव पाहुण्यांकडं वळून म्हणाला.

लोकांनी टाळ्या पिटल्या. बँडवाले बावचळले, पण मालकच खूश म्हटल्यावर तेही वाजवत वाजवत उलटे चालू लागले. बडे पाहुणे उलटे चालू लागले. मागच्या बायकांना आधी काही कळेना, मग त्याही पदर सावरून मागं मागं निघाल्या. जानरावनं घोडीला पुढं ओढलं तसा गोंडा जास्तच आपटायला लागला. अख्खी वरात मंडपाकडं तोंड करून मारुतीकडं चालली, आणि हे चुकतंय असं म्हणायची एकाची छाती झाली नाही. उगाच आपण अडाणी ठरलो तर?

फक्त भटजीला विलायतेचं कौतुक नव्हतं. सूर्य बुडाला, मुहूर्त चालला, असा तो मंडपातून कोकलत होता. इंद्रभाननं उत्तमरावाच्या कानाशी लागून हार काढायला सांगितलं. उत्तमरावाचे डोळे मोठे झाले. स्वतःच्या हातानं घातलेला हार मंडपाआधी उतरवायचा म्हणजे अपशकुन, म्हणाला. तिकडं मंडपाच्या दारात पिवळ्या लुगड्यातली रुख्मिणी मुंडावळ्या बाजूला सारून बघत होती, आणि तिचा नवरदेव तिच्यापासून पाऊल पाऊल लांब जात होता. ते बघून इंद्रभान जानरावच्या गोठ्याकडं धावला आणि परत आला तो लिदीचं टोपलं डोक्यावर घेऊन.

मोतीरामनं कपाळावर हात मारला. बँड आपोआप थांबला.

"हे काय करून राह्यले साहेब?" उत्तमराव म्हणाला.

"मामा, मी साहेब नाई," इंद्रभान म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "जर्मनीत मी चौदा घोड्यांची लीद काढत होतो. ही चाल नाचाची नाई, लीद काढाच्या वक्ताची हाय. घोडी आता या टोपल्यामागंच येईन. मंग माह्या बहिणीले घरात घ्या नाई तर नका घेऊ, पण आज दाराशी आलेली वरात परत नेऊ नका."

इंद्रभान टोपलं घेऊन मंडपाकडं चालू लागला. चांदणीनं कान टवकारले. छातीवर गोंडा आपटत होता, पण हरभऱ्यापुढं जरीच्या हाराला कोण विचारतो? ती त्याच्या मागं मागं सरळ मंडपाच्या दारात येऊन उभी राहिली. भटजीनं मंगलाष्टकं अशी घाईनं म्हटली की दोन कडवी त्यानं बहुधा गिळलीच. अक्षता पडल्या.

मग उत्तमरावानं इंद्रभानला खांबाआड बोलावलं. आता पायताण निघणार म्हणून इंद्रभाननं मान खाली घातली. तर उत्तमरावानं त्याला मिठी मारली आणि पाहुण्यांना हाका मारमारून सांगितलं की पाहा, याला म्हणतात मोठेपणा, एवढा मोठा साहेब पण चारचौघांत म्हणतो मी लीद काढली! छोटा माणूस असं बोलूच शकत नाही. विलायतेत वरातीपुढं टोपलं धरायचा मान घरातल्या वडील माणसाचा असतो, हेही त्यानं तिथल्या तिथं सांगून टाकलं. इंद्रभान तीनदा म्हणाला, नाई हो मामा, खरंच काढत होतो. तिन्ही वेळा पाहुण्यांनी त्याला हात जोडले. पुढच्या उन्हाळ्यात हिवरा आश्रमाकडच्या दोन लग्नांत वरातीपुढं टोपलं होतं, एकात तर पितळेचं.

राहिली होती ती कानपिळी. नवरीचा भाऊ म्हणून इंद्रभान बोहल्याशी गेला आणि अर्जुनाचा कान धरायला वाकला. टोपल्याचा वास अजून त्याच्या हाताला होता, म्हणून त्यानं नुसतं बोट टेकवलं. अर्जुन मान न हलवता पुटपुटला, "भाऊ, मले पह्यल्यापासून ठाऊक होतं. फोटोत टोपी तुमच्या कानापोतर आली होती. टोपी बाबांनी पाह्यली. मी हिले पाह्यलं होतं, मलकापूरच्या बजारात."

शेजारी रुख्मिणी खाली मान घालून हसत होती. म्हणजे हिलाही ठाऊक! बापानं दोन वर्षं घसा कोरडा केला, आपण महिनाभर धड जेवलो नाही, आणि या दोघांचं बाजारातच ठरलेलं! इंद्रभाननं तोच हात पुढं केला आणि नवरदेवाचा कान असा पिळला, की अर्जुन बोहल्यावरून अर्धा उठला आणि भटजीचा पुढचा मंत्र चुकला.