बावीस बिया

धाकटीने स्टुलावर चढून फॅन पामचं सर्वांत वरचं पान डाव्या तळहातावर घेतलं आणि ओल्या फडक्याने एकेक चुणी पुसायला सुरुवात केली. पान परातीपेक्षा मोठं, गोल, पंख्यासारखं. नुसतं फडकं फिरवलं तर धूळ चुण्यांत जाऊन बसते. ताईच्या मागच्या अंगणात, उंच भिंत आणि जुनं झाड यांच्या मधल्या सावलीत हा पाम वीस वर्षं उभा होता. अख्ख्या शहरात दुसरा नव्हता, आणि ही गोष्ट ताई आल्यागेल्याला बोलण्याच्या ओघात सांगायचीच.

खाली खुर्चीवर पलीकडच्या गल्लीतल्या शिक्षिका बसल्या होत्या. त्या बिया मागायला आल्या होत्या. स्वभाव भिडस्त, दोनदा घसा खाकरून मगच विषय काढला होता. "अहो, त्यात काय एवढं? बसा, साफ करून आणते," असं म्हणत ताई आत गेली होती.

"एवढी निगा कोण राखतं हो?" शिक्षिकांनी विचारलं.

"ताईच. मी आले की पानं पुसते फक्त."

हे काही खरं नव्हतं. अडीच वर्षांपूर्वी ताईचं ऑपरेशन झालं, आणि नेमकी तेव्हाच जुन्या झाडाची मोठी फांदी मोडली. दुपारचं ऊन थेट पामवर येऊ लागलं, पानांच्या कडा करपल्या. धाकटीने स्वतःचं घर वाऱ्यावर सोडून इथे चार महिने मुक्काम ठोकला. ताईचं पथ्यपाणी केलं, पामवर जुन्या चादरी बांधल्या. निघताना ताईने तिच्या हातावर कागदाची पुडी ठेवली. आत बावीस बिया होत्या.

"कुणाला देत नाही हं मी," ताई म्हणाली होती. "उगवायला वर्ष लागतं, कधी दोनही. उकरून मात्र बघू नकोस."

धाकटीने एकदाही उकरलं नव्हतं. न्हाणीघराच्या खिडकीखाली सावलीत तिने ट्रे ठेवला आणि माती कधी सुकू दिली नाही. लेकीकडे आठ दिवस गेली तेव्हा ट्रे मांडीवर घेऊन गेली. "लोक कुत्री पाळतात, आमच्याकडे माती पाळलीय," नवरा येईल त्याला सांगायचा, आणि तीही हसायची. दर रविवारी ताईचा फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला. "आले का गं कोंब?" ताई इतक्या आस्थेने विचारते, यानेच तिला पुढच्या आठवड्याचा हुरूप यायचा.

फडकं मळलं तशी ती ते धुवायला स्वयंपाकघरात गेली. ताई गॅससमोर पाठमोरी उभी होती. पातेल्यात पाणी खळाखळा उकळत होतं. चहा ठेवलाय, असं धाकटीला वाटलं. तेवढ्यात ताईने वाटीतल्या गर काढलेल्या बिया पातेल्यात लोटल्या, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत थांबली, गॅस बंद केला आणि बिया गाळणीत ओतून घेऊन कोरड्या रुमालावर टिपू लागली. हात चांगला सरावलेला होता.

बिया कोमट पाण्यात भिजवतात, हे धाकटीला ठाऊक होतं. पण उकळलेली बी म्हणजे उकडलेला दाणा. मातीत घाला नाहीतर ताटात, उगवणार नाही. आपल्या पुडीतल्या बियांची सालंही बारीक तडकलेली होती, हे तिला आठवलं. तिने तेव्हा विचारलंही होतं. पिकलेली बी तशीच असते, असं ताईने सांगितलं होतं.

"ताई."

ताई दचकली, मग हसली. "अगं, तोंडावर नाही म्हणवत नाही लोकांना. द्यायला लागले तर उद्या दारोदार हीच झाडं होतील. मग इथे कोण येणार बघायला?"

"माझ्या बियाही अशाच होत्या?"

"तुझी गोष्ट वेगळी," ताई म्हणाली, आणि बंद असलेलं गॅसचं बटण तिने पुन्हा एकदा बंद केलं.

बिया वाया गेल्या, ते एक वेळ सोसलं असतं. पण ते रविवारचे फोन? शंभर वेळा विचारताना हिचा आवाज एकदाही अडखळला नव्हता. हिने किती सहज फसवलं, आणि आपण किती आनंदाने फसत राहिलो! तिला ताईचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

ताईने पुडी बांधली आणि अंगणात नेऊन दिली. शिक्षिकांनी ती दोन्ही हातांत धरली.

"लावायच्या कशा?"

"हिला विचारा," ताई घाईने म्हणाली. "हिनं लावल्यात."

धाकटीने शिक्षिकांच्या हातातून पुडी काढून घेतली आणि पायरीवर ठेवली. मग ती स्टुलावर चढली, पामच्या लालभडक घोसातली मूठभर पिकलेली फळं तोडली आणि त्यांच्या ओंजळीत घातली.

"ही घेऊन जा. गर काढा, एक दिवस कोमट पाण्यात ठेवा. ऊन लागू देऊ नका. यातल्या बिया उगवतील."

शिक्षिकांनी दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं. मग ओंजळ सांभाळत त्या निघून गेल्या. फाटक लागलं तरी ताई तिकडेच बघत राहिली.

"घे, तूही घे आता," शेवटी ती म्हणाली. "हव्या तेवढ्या घे. मी कुठे अडवतेय?"

धाकटीने स्टूल उचलून भिंतीशी ठेवलं, फडकं दोरीवर वाळत घातलं आणि चपला पायांत सरकवल्या.

"मला तुझ्या हातच्या हव्या होत्या," ती म्हणाली.