तणसातलं तेल

सुजाताच्या हाताला ओल्या तणसाचा वास यायचा. कार्तिकात धानाची मळणी होऊन नुसतं तणस, म्हणजे पेंढा, उरलं की सगळ्या आरमोरीवर तो वास पसरतो, गोडसर, जरासा आंबूस. बाकी बायांच्या हाताचा आंघोळीनं जातो. माझ्या लेकीच्या हाताचा बारा महिने जात नसे, कारण ती प्रयोगशाळेत तणसापासून तेल काढायच्या मागे लागली होती.

मी चौथी शिकलेली. मला कळलं ते एवढं: तणस शिजवून त्याची साखर करायची आणि ती यीस्टला खाऊ घालायची. यीस्ट म्हणजे पीठ फुगवणाऱ्या खमिराच्या जातीचे बारीक जीव. साखर भरपूर द्यायची, पण वाढीचं खत तोडायचं. मग ते वाढायचे थांबतात आणि अंगात तेल धरतात. त्या तेलावर उद्या ट्रॅक्टर चालेल, म्हणायची.

"लोकं तणस जाळून टाकतेत माय. त्याच्यात गाडी लपून हाय."

"तुले गाडी दिसते. मले बैलाचा चारा दिसते."

"बैल कुठी हाय आता? तूच एक राह्यली."

आणि हसायची. हसताना गुडघे दाबून धरायची. लहानपणापासून तिच्या रक्तात सिकलसेल, रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आजार. थंडी पडली की सांधे धरायचे, ती चुलीपुढे बसून शेकायची आणि कोणाला काही सांगायची नाही. फार दुखलं की उजवा अंगठा मुठीत जायचा. मी तेवढ्यावरून ओळखायचे.

आमच्याच परसातल्या ढिगाच्या तळाशी, काळ्या पडलेल्या तणसात, तिला एक गुलाबी यीस्ट सापडलं. तिनं मला सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. गोल गोल पेशी, आणि एकेकीत तेलाचा चमकता थेंब, संध्याकाळी दूरच्या गावात दिवे लागावेत तसे.

"माह्या रक्तात इळे हायेत माय, याच्यात दिवे."

मी जन्मभर विळ्यानं धान कापलं, पण त्या दिवसानंतर विळा हातात घेतला की ते बोल आठवतात.

वैशाखात प्रयोगशाळेतला फ्रीज बंद पडला आणि तिथलं सारं मेलं. आमच्या घरच्या फ्रीजमध्ये त्या गुलाबी यीस्टची एक बाटली होती, तेवढीच उरली. दवाखान्यात जाताना तिनं कपड्यांचं सांगितलं नाही, पैशाचं सांगितलं नाही. "ते बाटली जिवंत हाय. हात नको लावू," एवढंच म्हणाली.

भादव्यात ती गेली.

आम्ही बौद्ध, सुतक मानत नाही. तरी तिचे बाबा वारले तेव्हा मी घरातलं शिळंपाकं फेकून भांडं न् भांडं धुतलं होतं. "सुतक नाई म्हणते, मंग भांडे काऊन घासून राह्यली?" तिनं टोमणा मारला होता. सासू घासायची, म्हणून मी घासत होते.

तिच्या वेळीही घासले. शेजारच्या बाया फ्रीजमधलीही भांडी काढून हातोहात देत होत्या आणि मी घेत होते. एका बाटलीत गुलाबी बुरशी धरलेली दिसली. राखेनं घासली, उकळत्या पाण्यानं विसळली, उन्हात पालथी घातली. मग बाटलीवरून सुटून बोटाला चिकटलेला कागद दिसला. त्यावर सुजाताचं अक्षर होतं.

तिच्या जलदानाच्या विधीला प्रयोगशाळेतल्या मॅडम आल्या.

"मावशी, फ्रीजमधली बाटली न्यायची होती."

"धुतली."

"कोणी?"

"मी."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग स्वतः परसात गेल्या आणि ढिगाच्या तळचं तणस पिशवीत भरून घेतलं. त्यातून यीस्ट वाढवून बघत आणि मला फोन करत राहिल्या. पांढरं आलं मावशी, पिवळं आलं. गुलाबी नाही.

दोन सुग्या झाल्या. नवा ढीग जुन्यावर चढला आहे, खालचं तणस काळं होत होत माती झालं आहे. मातीला वेळेची घाई नसते आणि जे गेलं त्याची ती खूणही ठेवत नाही. रोज सकाळी मी ढिगाच्या तळाशी हात घालते, बाहेर काढते आणि नाकाशी धरते. वास तोच येतो. हात माझा असतो.