आधी लिहायचं, मग हाक मारायची

आधीच सांगते, मला थांबणं जमत नाही. लिफ्ट यायला उशीर झाला की मी जिना धरते, कोणी वाक्य लांबवलं की ते मीच पुरं करून टाकते. अशा बाईच्या वाट्याला नेमकं थांबण्याचंच काम यावं, याला काय म्हणायचं!

माझी ताई सातवीला भूगोल शिकवायची. गळ्याच्या ऑपरेशनमध्ये तिचा आवाज गेला. जीव वाचला हेच पुष्कळ, असं सगळे म्हणाले. ताई मात्र जो भेटेल त्याला कागदावर लिहून द्यायची, ‘मला माझा वर्ग हवाय.’ तिच्या जुन्या तासांची रेकॉर्डिंग सापडली, तेव्हा त्यांवरून मी एक वेबपेज बनवलं. ताईने टाइप करायचं आणि पेजने तिच्याच आवाजात बोलायचं.

मुख्याध्यापिका तशा चांगल्या, पण तोंडावर बोलणाऱ्या. “सातवीची पोरं आहेत. तुमचा आवाज मध्येच बंद पडला तर वर्ग डोक्यावर घेतील. शुक्रवारी एक तास घेऊन दाखवा. जमलं तर वर्ग तुमचा, नाहीतर ग्रंथालय सांभाळा.” ग्रंथालय म्हटल्यावर ताईचं तोंड एवढंसं झालं.

आणि पेज नेमकं मध्येच बंद पडायचं! माझ्या कॉम्प्युटरवर गुणी बाळासारखं बोलायचं. ताईच्या जुन्या लॅपटॉपवर मात्र थोडं बोलून झालं की गप्प. चूक दाखवेल तर शपथ. नुसतं ढिम्म.

गुरुवारी ऑफिसात मी कीबोर्डवर राग काढत होते, तेव्हा शेजारचा प्रोग्रॅमर खुर्ची सरकवत आला. त्याला आम्ही शंकासुर म्हणतो.

“दाखव.”

“मला वेळ नाहीये.”

“म्हणूनच म्हणतो, दाखव.”

मग भराभर सांगितलं. “पेजमध्ये दोघं जण कामाला आहेत असं समज. पहिला ताईचं वाक्य आणून ठेवतो, दुसरा त्याचा आवाज बनवतो. मेमरीचा एक तुकडा दोघांत सामाईक. त्यातल्या एका खान्यात शून्य दिसलं की काम नाही, दुसऱ्याने झोपायचं. एक दिसला की कामाला लागायचं.”

“वाक्य आलं की पहिला काय करतो?”

“हाक मारून दुसऱ्याला उठवतो आणि खान्यात एक लिहितो.”

“आधी हाक?”

“मग काय! उठायला वेळ लागतो, म्हणून आधी हाक.”

“आणि हाक मारली तेव्हा तो झोपलेलाच नसेल तर?”

मी मनातल्या मनात चालवून बघितलं. दुसरा अजून मागचं वाक्य उरकतोय. हाक वाया गेली. मग तो खान्यात बघतो, तर शून्यच. बिचारा निवांत झोपतो. त्यानंतर खान्यात एक येतो, पण पुन्हा हाक मारणार कोण? पहिला तर खान्यात परत शून्य व्हायची वाट बघत बसतो. तो झोपला तो झोपलाच. माझ्या कॉम्प्युटरवर ही वेळ कधी जुळूनच आली नव्हती.

“आधी लिही, मग हाक मार,” शंकासुर म्हणाला. “जागा असेल तर झोपायच्या आधी त्याला एक दिसेल. झोपला असेल तर हाक ऐकेल.”

दोन ओळींची अदलाबदल. अगं बाई! एवढ्यासाठी मी आठवडाभर डोकं फोडत होते. संध्याकाळी ताईच्या लॅपटॉपवर अख्खा धडा बोलून घेतला, एकदाही अडला नाही.

शुक्रवारी मी आणि मुख्याध्यापिका शेवटच्या बाकावर बसलो. ताईने टाइप केलं आणि वर्गात तिचा आवाज आला, “नदी वळते तिथे बाहेरचा काठ झिजतो.” पोरं दचकली, एकमेकांना कोपरं मारायला लागली, मग हळूहळू नदीत रमली. सगळं मस्त चाललं होतं. तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “बाई, ऑपरेशननंतर तुम्हाला दुखायचं का हो?”

लॅपटॉप गप्प.

मेलं परत झोपलं! मी उठून धावणार, तर मुख्याध्यापिकांनी दंड धरून मला खाली बसवलं. मग दिसलं. पेज बंद पडलं नव्हतं. ताईची बोटं कीबोर्डवर होती आणि हलत नव्हती. तिचे डोळे भरले होते.

मी वर्गाकडे बघितलं. आता गलका होणार, ही कार्टी काय सोडतात! पण एक पोर हललं नाही. बाकसुद्धा वाजला नाही.

“सावकाश, बाई,” ती मुलगी म्हणाली. “आम्ही थांबतो.”

मला रडू फुटलं, खोटं कशाला सांगू. मुख्याध्यापिका समोरच बघत होत्या. हळूच म्हणाल्या, “ग्रंथालयासाठी मी दुसरं कोणी बघते.”

ताईने नाक पुसलं, चार शब्द टाइप केले, आणि वर्गात तिचा आवाज आला.

“घरी दुखायचं. इथे नाही.”