उपाशीपोटी उड्डाण

कपाटाचं दार करकरलं आणि सकाळच्या शांततेवर ओरखडा उठला. सुरभी जागच्या जागी थिजली.

"कोण गं?" आतून सासूबाईंचा, सुलोचनाबाईंचा, आवाज आला.

"मीच, आई. निधीचा टॉवेल काढतेय."

टॉवेल काढला हे खरंच होतं. पण त्याच्या घडीत तिने आपला पोहण्याचा जुना निळा ड्रेस गुंडाळला आणि पिशवीच्या तळाशी, निधीच्या जादा फ्रॉकखाली, दाबून ठेवला. कशासाठी, ते कुणी विचारलं असतं तर तिची पंचाईत झाली असती. कारण आज तलावावर उडणार होता तो पुष्कर, तिचा नवरा. ऑफिसातल्या दोस्तांनी त्याला हे उड्डाण वाढदिवसाची भेट म्हणून दिलं होतं. पाय एका फळीवरच्या बुटांत अडकवायचे, फळीला जाडजूड पाइप, आणि खालून पाण्याचा झोत सुटला की माणूस पाण्यावर अधांतरी! त्याचा व्हिडिओ पुष्करने एकदा बघितला होता. सुरभी रोज बघायची, दुपारी निधीला निजवून, आवाज बंद करून. कॉलेजात ती पोहण्याच्या स्पर्धा जिंकायची. निधी झाल्यापासून पाण्याशी नातं उरलं होतं ते बादलीपुरतं. 'मलाही उडायचंय' एवढंच म्हणायचं होतं, पण ते काही जिभेवर येत नव्हतं.

गाडी तलावाकडे जाणाऱ्या बेटम्याच्या रस्त्याला लागण्याआधीच थांबली. पोहे-जलेबी झाल्याशिवाय इंदूरबाहेर पाऊल टाकायचं, हे पुष्करला सुचणंच शक्य नव्हतं. त्याने दोन प्लेटा पोहे हाणले, वर भरपूर शेव, वर जलेबी. सुलोचनाबाईही मागे नव्हत्या. निधीने मात्र कोपरापर्यंत पाक लावून घेतला, तेव्हा तिला नळावर धुता धुता सुरभीचे पोहे कागदात बांधूनच गाडीत आले.

तलावावर नीरज त्यांची वाट बघत होता. उडवणारा तोच.

"या भिया!" त्याने इंदुरी थाटात हाक मारली. "खाली पेट आलात ना, काही न खाता? मेसेज केला होता."

"एकदम खाली पेट," पुष्कर छाती काढून म्हणाला. "काहीच खाल्लं नाही. फक्त पोहे."

नीरजने हातातलं हेल्मेट खाली ठेवलं. "पोहे?"

"आणि जलेबी," निधीने माहिती पुरवली. "आजीच्या प्लेटमधली पण बाबांनीच खाल्ली."

"अरे यार, पोह्यांना कोण खाणं म्हणतं?" पुष्कर कळवळला.

"बरोबर आहे," सुलोचनाबाई लेकाच्या मदतीला धावल्या. "पोहे उपासाला चालत नाहीत इतकंच. बाकी ते काय पोटात राहतात?"

"राहत नाहीत ना मावशी, तोच तर प्रॉब्लेम आहे," नीरज म्हणाला. "वर दोन गिरक्या घेतल्या की सगळे तलावात! भरल्या पोटाने नाही उडवत मी. नंतर दिवसभर बुकिंग आहे. तुमच्यापैकी दुसरं कुणी उपाशी आहे?"

सुरभीच्या हातात पोह्यांचा कागद तसाच बांधलेला होता. तिचे कान गरम झाले.

"मी," ती म्हणाली. स्वतःलाही ऐकू येईल न येईल असं.

"तू?" पुष्कर बघतच राहिला. "पण कपडे?"

"आणलेत तिने," सुलोचनाबाई म्हणाल्या. "सकाळी सकाळी कपाट करकरतं ते काय नुसतं टॉवेलसाठी? रोजचे टॉवेल तर दोरीवर असतात. जा गं, मी बसते निधीला घेऊन."

पहिल्यांदा ती गुडघाभर उठली आणि थपाककन पडली. नाकातोंडात पाणी. दुसऱ्यांदाही तेच. दर वेळी वर आली की तिची नजर काठाकडे जायची. निधीची गुलाबी टोपी कुठंय? पाण्याच्या फार जवळ तर नाही ना?

"दीदी, खाली बघताय म्हणून पडताय!" नीरज पाइपच्या दुसऱ्या टोकाला जोडलेल्या वॉटर स्कूटरवरून ओरडला. "गुडघे सरळ, नजर समोर! काठावर मावशी आहेत ना!"

हो. आहेत. सुरभीने समोर बघितलं. पलीकडचा काठ, त्यावरची बाभळीची रांग, त्यामागे नुसतं आभाळ. पाइप फुरफुरला, तळव्यांखाली पाणी घट्ट झालं, आणि ती उठली, उठतच गेली. बाभळी खाली राहिल्या. डावा पाय जरा दाबला तर ती डावीकडे वळली, उजवा दाबला तर उजवीकडे. आपलं अंग आपलं ऐकतंय, हे कळलं तेव्हा तिला हसू फुटलं आणि मग काही केल्या थांबेना.

ती काठावर आली. पुष्कर "वा रे शेरनी!" म्हणत व्हिडिओ दाखवायला धावला. सुलोचनाबाईंनी तिच्या पाठीवर टॉवेल टाकला. सुरभीने मांडी घालून थंडगार पोह्यांचा कागद सोडला. असे पोहे तिने जन्मात खाल्ले नव्हते.

निधी तिला चिकटून बसली.

"मी टाटा करत होते आई. तू बघितलंच नाहीस."

"खाली बघितलं की पडते ना मी, सोन्या."

"पण तू किती हसत होतीस!" निधीने मान वर करून रिकाम्या आभाळाकडे नीट बघून घेतलं. "तिथे तर कुणीच नव्हतं. मग तू कुणाकडे बघून हसत होतीस?"

सुरभीनेही वर बघितलं, आणि तिला पुन्हा हसू फुटलं.