प्रश्न क्रमांक नऊचे खरे उत्तर

मित्रांनो, मी एक जुनी सरकारी प्रश्नावली आहे. पाने चार, टाचणी गंजलेली, आणि तिसऱ्या पानावर चहाच्या कपाचा गोल डाग. नाव मात्र भारदस्त : 'अल्पवयीनांमधील मद्यपान रोखण्यासाठी राज्यांनी केलेल्या उपाययोजनांची माहिती'.

माझा जन्म दिल्लीतल्या एका बैठकीत झाला. कोणते राज्य मुलांना दारूपासून कसे दूर ठेवते, हे कळावे म्हणून शहाण्या माणसांनी मला तयार केले. मला वाटले, आता राज्याचे मोठे साहेब चष्मा लावून मला वाचतील आणि विचारात पडतील. पण राज्याने मला जिल्ह्याकडे धाडले, जिल्ह्याने तालुक्याकडे, आणि तालुक्याने आंबागडच्या किल्ल्यापलीकडच्या एका लहान ग्रामपंचायतीकडे. प्रत्येक ठिकाणी माझी झेरॉक्स निघाली आणि 'तातडीचे' असा शिक्का बसला. गावात पोहोचले तेव्हा अंगावर तीन शिक्के होते आणि मुदत संपून नऊ दिवस झाले होते.

इथले ग्रामसेवक प्रविणभाऊ भला माणूस. पण त्यांच्या टेबलावर माझ्यासारख्या आणखी सात जणी होत्या. त्यांनी पेन उघडले आणि न वाचताच लिहायला घेतले, 'निरंक'. म्हणजे सांगण्यासारखे काहीच नाही.

“काय लिहून राहिले भाऊ?” सरपंच शकुनबाईंनी विचारले.

“निरंक, बाई. सारे गावं तसंच लिहितेत.”

“सही माही पायजे ना? मंग वाचून दाखवा मले.”

प्रविणभाऊंनी नववा प्रश्न वाचला, “मद्यविक्रेते ग्राहकाच्या वयाची खातरजमा करतात काय?”

“म्हंजे?”

“म्हंजे भट्टीवाला कैलाश लहान पोरायले दारू देते का नाई.”

“हे तुमाले मालूम नाई, मलेबी मालूम नाई. मंग निरंक कसं? चला, पाहून येऊ.”

भर दुपारी सरपंचबाईंसोबत दारूच्या दुकानात जायचे! प्रविणभाऊंनी सगळा रस्ता तोंडासमोर फाइल धरून काढला आणि दोनदा ठेचकाळले. मी शकुनबाईंच्या हातात होते. जन्मल्यापासून पहिल्यांदाच मला ऊनवारा लागला.

कैलाशच्या परवानाधारक दुकानाला सारे गाव भट्टी म्हणते. सरपंचांना पाहून त्याने घाईने दुपट्ट्याने स्टूल पुसले आणि त्यांना काउंटरच्या आत बसवले. “हा पाहा बाई, बोर्ड. 'एकवीस वर्षांखालील मुलांनी येऊ नये.' पोट्टं दिसलं का मी हाकलूनच देतो.”

प्रविणभाऊ आनंदाने लिहू लागले, तेवढ्यात काउंटरवर बाहेरून एक चिमुकला हात आला. हातात कापडी थैली होती. डोके काही दिसत नव्हते, कारण ते काउंटरपर्यंत पोहोचतच नव्हते.

“कैलाशकाका, आबाचा पव्वा द्या. अन् आबानं सांगतलं, कालच्यावानी फिका नोको.”

कैलाशला खोकल्याची उबळ आली. “कोन... कोन वं तू? कोनता आबा?”

“मी गुड्डी! टेकचंदची नात! रोजच तं येतो. काका, आज तुमीच पेले का?”

मित्रांनो, टेकचंद म्हणजे शकुनबाईंचे यजमान.

शकुनबाई उठून बाहेर आल्या. चौथीतली गुड्डी आजीला पाहून खूश झाली. “आजी, तू कायले आली? आबानं तुलेबी धाडलं का?”

प्रविणभाऊंना हसू आवरेना. शकुनबाईंनी मात्र खाली बसून नातीच्या खांद्यावर हात ठेवला. “बाई माही, कधी चाखून पाहलं का तू?”

“एकडाव. झाकनभर. कडू लागते.” मग ती हळूच म्हणाली, “आमच्या वर्गातल्या गोलूनं तीनडाव चाखलं.”

आता कोणीच हसत नव्हते. शकुनबाई उठल्या आणि त्यांनी मला काउंटरवर पसरले.

“बाई,” प्रविणभाऊ हळू आवाजात म्हणाले, “घरचं सोडून देऊ. 'बोर्ड आहे' येवढंच लिहितो.”

“सरकारनं घर सोडून विचारलं का? द्या तो पेन.”

त्यांनी मोठ्या, वाकड्या अक्षरांत स्वतः लिहिले : 'नाही. नऊ वर्षांच्या मुलीला दारू मिळते. पाठवणारा सरपंचाचा नवरा.' मुलीचे नाव त्यांनी लिहिले नाही. नवऱ्याचे मात्र त्यापुढे लिहिले, वडिलांच्या नावासकट.

पुढच्या ग्रामसभेत त्यांनी मला मोठ्याने वाचले. टेकचंद दुपट्ट्यात तोंड लपवून बसले होते. गोलूची आई कलाबाई उभी राहिली. “माहा गोलूबी जाते. त्याचा बाप धाडते.” मग एकेक करून अकरा बाया उठल्या. पोरांच्या हाती बाटली दिली तर भट्टी बंद करायला मतदान मागू, असे त्यांनी कैलाशला तोंडावर सांगितले. कैलाशने हात जोडले.

तालुक्याहून मी मात्र परत आले. शेरा होता : 'उत्तर विहित नमुन्यात नाही. फक्त होय किंवा नाही लिहावे.' मग एका कोऱ्या प्रतीवर नुसते 'नाही' लिहून ती पाठवली गेली. राज्याने दिल्लीला काय कळवले, मला ठाऊक नाही.

टेकचंदांनी दारू सोडली असे मी म्हणणार नाही. सरकारी कागद असले तरी मी खोटे बोलत नाही. पण आता त्यांना स्वतः चालत जावे लागते. वाटेत जो भेटेल तो विचारतो, “कुठं चालले आबा?” पुष्कळदा ते अर्ध्या रस्त्यातूनच घरी परततात.

मित्रांनो, आमच्यासारखे कागद तुमच्या हाती येतील तेव्हा आम्हाला फाडू नका, आमच्यावर चहा ठेवू नका, आणि आमचा रिकामा चौकोन घाईने भरू नका. आधी जाऊन पाहा. माझ्या शेवटच्या पानावर 'इतर सूचना' असा एक रकाना आहे. दिल्लीपासून इथवर कोणीच त्यात काही लिहिले नव्हते. परवा शाळा सुटल्यावर गुड्डी आजीजवळ येऊन बसली आणि तिने पेन्सिलने, जीभ बाहेर काढून, त्यात लिहिले :

'मोठ्या मानसायनं आपले कामं आपन कराव.'